चार वाजताचं झाकण

वासंती गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती, तर वरून एक पत्र्याचं झाकण थेट तिच्या सुपात येऊन पडलं. टण्ण! निवडलेले तांदूळ उडाले, काही तिच्या केसांत जाऊन बसले. समोरच्या चाळीतून आवाज आला, "ओ... आमचं झाकण आलं तुमच्याकडे."

"आलं कसलं? तुम्ही टाकलंत."

"मी गल्लीत टाकलं होतं. ते तुमच्याकडे वळलं, त्याला मी काय करू?"

हा गुरुदत्त. परळला एका डब्यांच्या कारखान्यात पहिल्या पाळीत पत्राकाम करायचा. बिस्किटाच्या डब्याचं झाकण भिरकावलं तर किती लांब जातं आणि आणखी लांब कसं जाईल, याचं त्याला वेड होतं. चोवीस वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही, असं वासंतीला वाटलं. हसूही आलं. तिने झाकण परत फेकलं, ते खाली एका सायकलवाल्यापुढे आपटलं.

"पोळी तव्यावर टाकतात तसं नाही हो," तो कठड्यावरून वाकून म्हणाला. "मनगट फिरवा. गरगरलं तरच तरंगतं ते."

ते पंचावन्न साल सरत आलं होतं. गिरगावात संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज मोर्चे निघत, चाळीतल्या बायका भित्तिपत्रकांसाठी पातेली भरभरून खळ शिजवत. त्यातली बोटभर खळ वासंती वाटीत लपवून ठेवू लागली. दुपारी चारला सगळी चाळ घोरत असली की झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटायची आणि झाकण गल्ली ओलांडायचं. तिने टाकलेलं बहुधा खालीच पडायचं. मग तो धावत जिना उतरायचा, आणि वर बघत हसायचा... त्या हसण्यासाठी ती कधीकधी मुद्दाम चुकायची.

सपाट झाकण डगमगे, म्हणून त्याने कड खाली वळवली. मग मध्ये हलका फुगवटा ठोकला. तरी हातभर कमी पडेच. कठड्याला पोट टेकून, अंगातला सगळा जोर लावून त्याला ते फेकावं लागे.

'वजन कडेला पाहिजे,' त्याने एकदा लिहिलं. 'मधे असून उपयोग नाही.'

'आमच्या तात्यांचं मधेच आहे,' तिने उलट पाठवलं. 'म्हणून ते जागचे हलत नाहीत.'

पण तात्या हलले. जानेवारीत गोळीबार झाले, संचारबंदी लागली, आणि घरात अडकलेल्या तात्यांनी नाशिकच्या स्थळाला होकाराचं पत्र लिहून टाकलं. संचारबंदी सैल झाली की ते पेटीत पडणार होतं. बापासमोर तोंड उघडायची वासंतीची छाती नव्हती. चार वाजता तिने चिठ्ठी चिकटवली: 'तात्या नाशिकला होकार कळवतायत. तुम्ही विचारणार असाल तर उद्या चारला सांगा. नसाल तर काहीच टाकू नका.'

त्या दिवशी तिचं झाकण नेमकं पोचलं. त्याने वाचलं, मान वर केली आणि आत गेला. मग संध्याकाळभर समोरून ठोकण्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला नाक्यावर गोळ्या झाडल्याचा आवाज आला. तात्यांनी सगळ्यांना आत ओढलं, दाराला अडसर लावला. वासंती दाराला कान लावून उभी राहिली. चार वाजले. टण्ण झालं नाही. साडेचार झाले... नाहीच झालं.

पाचला दार उघडलं तेव्हा गॅलरी रिकामी होती. समोर त्याची आई, सुंदराबाई, कठडा धरून रडत होती. गुरुदत्त संचारबंदी मोडून गल्लीत उतरला होता आणि पोलिसांनी त्याला उचललं होतं.

"गेला असेल घोषणा द्यायला," तात्या म्हणाले. "असली पोरं संसार करत नसतात."

वासंतीला तेच खरं वाटलं. तिला राग आला, आणि त्या रागाच्या जोरावर ती बोहल्यावर उभी राहिली. तो सुटून आला तोवर ती नाशिकला होती. त्याची नोकरी गेली, बिऱ्हाडही हललं, कुठे ते कुणी सांगितलं नाही. नवरा, कमलाकांत, भला माणूस होता. वाईट असता तर निदान उघड रडता तरी आलं असतं.

साठ सालच्या एक मेला महाराष्ट्र झाला, तेव्हा ती दोघं गिरगावात तात्यांकडे आली होती. शेजारचे रमाकांत झेंडा बांधायला कौलांवर चढले होते. ते खाली उतरले ते हातात काहीतरी घेऊन.

"वासंती, हे बघ, कौलांत काय अडकलं होतं."

झाकण गंजलं होतं. तिने कडेवरून बोट फिरवलं. कडेत जाड तार घालून पत्रा त्या तारेवर वळवला होता. आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेली अक्षरं होती: 'चिठ्ठीने तोल जातो, म्हणून पत्र्यावरच लिहितो. वासंती, तात्यांना पत्र टाकू देऊ नकोस. मी येतो विचारायला.'

तिला सगळं कळलं. आता वजन कडेला होतं, निम्म्या जोरात काम झालं असतं. पण हाताला सवय जुन्या झाकणाची. त्याने पुरा जोर लावला, आणि ते तिच्या बंद दारावरून कौलांवर गेलं. ते त्याला दिसलं असणार. म्हणून तो स्वतः निघाला होता, घोषणा द्यायला नव्हे... तिच्याकडे यायला. वीस पावलांची गल्ली होती.

"चहा निवतोय गं," आतून कमलाकांत म्हणाला.

"आले."

ती कठड्याशी गेली. मनगट फिरवलं, अगदी हलकेच. झाकण जराही न डगमगता गेलं आणि समोरच्या दारावर वाजलं, टण्ण. हात पुसत एक अनोळखी बाई बाहेर आली.

"ओ बाई... तुमचं झाकण आलं इकडे. परत टाकू?"

"नको," वासंती म्हणाली. "ते तिकडचंच आहे."