डावखुरा कोयता

"उद्या सकाळी दहा वाजता जेसीबी येणार!" शेजारच्या सुयोगने जिना चढता चढताच आरोळी ठोकली. "मागचं सगळं जंगल साफ! बिबट्याची वाट लागली!"

"मला बिबट्या बघायचाय!" त्याची धाकटी बहीण नेत्रा मागून ओरडली.

"बघू," अक्षता म्हणाली.

जानेवारीत आजोबा गेल्यापासून अक्षता हेच म्हणायची. बघू. चालेल. तेरा वर्षांची बडबडी मुलगी, पण आजोबा गेले तेव्हा घरात रडारड झाली आणि ही कोरडीच राहिली. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटेनासा होतो, तसं तिला अंगभर झालं होतं. दुःख होत नव्हतं, आनंदही होत नव्हता. मे महिन्याची सुट्टी लागली तेही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

नाहूरच्या त्यांच्या सोसायटीमागे जमिनीचा एक तुकडा होता. आजोबांची बाग! पण आजोबा दोन वर्षं अंथरुणाला खिळले आणि घाणेरीने रान माजवलं. पुरुषभर उंच, काटेरी, त्यावर वेलींचं जाळं. त्यात पहाटे काहीतरी खसफसतं अशी बातमी पसरली. नॅशनल पार्क फार लांब नाही. झालं! सेक्रेटरी अंबादासकाकांनी आत डोकावूनही न बघता बिबट्या जाहीर केला.

"पण आजोबांचं रतांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड आहे ना आत?" सुयोगने विचारलं.

"ते कधीच मेलं म्हणतात काका," अक्षता म्हणाली.

"म्हणतात! बघितलं कोणी?" सुयोगने आईचा फोन आणलाच होता. त्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'काका, आत झाड निघालं तर?' काकांचा व्हॉइस मेसेज लगेच आला, "अरे, एक जरी जिवंत झाड निघालं ना, तर मी स्वतः जेसीबी परत पाठवीन! शब्द आहे माझा!"

"झकास!" सुयोग म्हणाला. "हे जपून ठेवतो."

दुपारी तिघं काठ्या आपटत मागे गेले. बिबट्याची वाट लगेच सापडली. माणूस जेमतेम शिरेल एवढी बोळकांडी होती ती.

"ए, हे बघ!" नेत्रा खाली वाकली. "फांद्या कापल्यात! बिबट्या कोयता घेऊन फिरतो का रे?"

खरंच की! घाणेरीचे जाड सोट मुळाशी तोडलेले. काही घाव सुकले होते, काही आजचेच, ओले. अक्षता उकिडवी बसून पाहत राहिली. आजोबांनी तिला शिकवलं होतं, उजव्या हाताचा घाव उजवीकडून डावीकडे उतरतो. इथले सगळे घाव उलटे होते.

"डावखुऱ्या माणसाने तोडलंय," ती म्हणाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती स्वतःहून काही बोलली.

घरी दाराआड खिळ्याला आजोबांचा कोयता टांगलेला होता. दोन वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता म्हणे. अक्षताने तो नाकाशी नेला. घाणेरीचा उग्र वास! पात्यावर हिरवे डागही होते.

खाली सोसायटीच्या अंगणात सुयोगने ऐटीत एका वाळक्या फांदीवर घाव घातला. कोयता सर्रकन घसरला.

"आई गं! पाय वाचला! हा कापतच नाही यार."

"तुझ्या हाताने नाही कापणार. आजोबा डावरे होते. गावच्या लोहाराकडून त्यांनी याला एकाच अंगाने धार लावून घेतली होती, डाव्या हातासाठी."

नेत्राचे डोळे बशीएवढे झाले. "म्हणजे... आजोबांचं भूत!"

"गप गं! भूत कशाला खिळ्याला कोयता परत टांगेल?" सुयोग म्हणाला, पण त्याचाही आवाज जरा बारीक झाला होता. "तुमच्या घरात दुसरं कोण डावरं आहे?"

"कोणीच नाही. बाबा तर उजव्या हाताने लिहितात..." अक्षता थांबली. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारून बाबांचा हात बदलला होता, हे आजोबाच सांगायचे. पण गणपतीत नारळ फोडताना? तेव्हा बाबांचा डावाच हात वर जायचा!

दुसऱ्या दिवशी, रविवारी, फटफटलं तेव्हा तिघं पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले. पावणेसहाला बोळकांडीत खसफस सुरू झाली. खट्! खट्!

"बाबा!" अक्षताने हाक मारली.

बाबा दचकून वळले. डाव्या हातात कोयता, शर्टभर काटे.

"तुम्ही बिबट्या आहात?" नेत्राने विचारलं.

बाबा हसले नाहीत. "रतांब्यापर्यंत पोचायचं होतं गं," ते अक्षताला म्हणाले. "आजोबा शेवटपर्यंत रोज विचारायचे, 'रतांब्याक फळ धरला काय रे?' मी न बघताच नाही म्हणायचो. बीपासून लावलेलं झाड नर निघालं तर फळ धरतच नाही."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? सगळे म्हणतात मी खंबीर आहे. खंबीर कसला! मला रडूच येत नाही. आत काही हलतच नाही. कोयता चालवला की हात तेवढा दुखतो, मग बरं वाटतं."

"मलापण नाही येत," अक्षता म्हणाली. हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"दहाला जेसीबी येतोय!" सुयोगने आठवण करून दिली. "अजून केवढं राहिलंय!"

मग काय! सुयोग पुढे काठी आपटायचा, एखादं जनावर असेल तर सरकावं म्हणून. बाबा तोडायचे आणि दोघी पोती गुंडाळलेल्या हातांनी फांद्या ओढायच्या. "मुळाशीच मारायचं," बाबा सांगत होते. "वरवर छाटलं तर दुप्पट फुटतं." आठ वाजले. नऊ वाजले. अक्षताचे हात सोलवटले. गेटावर जेसीबी घरघरला आणि बाबांनी शेवटची जाड वेल तोडली.

आत रतांबा उभा होता, काळपट हिरवा, जिवंत. आणि फांद्याफांद्यांवर लाल रतांबे!

"कोण आहे आत? बाहेर या! बिबट्या आहे!" अंबादासकाका खुर्ची ढालीसारखी धरून आले होते.

"बिबट्या मीच, अंबादास," बाबा म्हणाले. "पहाटे मीच येत होतो. चूक झाली, सांगायला हवं होतं."

"ते ठीक, पण मशीन आलंय आता..."

सुयोगने फोन उंच धरला. "एक जरी जिवंत झाड निघालं ना, तर मी स्वतः जेसीबी परत पाठवीन! शब्द आहे माझा!" सगळ्या सोसायटीसमोर काकांचाच आवाज घुमला. लोक खो खो हसले. काकांनी खुर्ची खाली ठेवली, कान पकडले आणि खरोखर स्वतः जाऊन जेसीबी परत पाठवला.

"शाब्बास पोरांनो!" परत येऊन ते म्हणाले. "मी लांबूनच घाबरलो, तुम्ही आत शिरून बघितलंत. ही बाग आता कोणी तोडणार नाही."

अक्षताने ते ऐकलंच नाही. तिने एक पिकला रतांबा तोडला होता आणि ती धावत सुटली होती. दोन दोन पायऱ्या एकदम, दुसरा मजला, उघडं दार.

"आजोबा! फळ धरलं! नर नाही—"

आजोबांच्या खाटेवर इस्त्रीचे कपडे रचून ठेवले होते.

रतांबा मुठीत धरून अक्षता दारातच खाली बसली, आणि मोठ्याने, अगदी लहान मुलीसारखी रडायला लागली. मागून धापा टाकत बाबा आले. तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले आणि तेही रडले.