ताक म्हणजे हो

माझा नवरा मला गंगापूर रोडवरच्या फरसाणाच्या दुकानात भेटला, तेव्हा तो खरं तर पोलंडमध्ये असायला हवा होता.

दुपारचा दीड वाजला होता. मी ज्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते, त्याच्या खालीच ते दुकान. डॉक्टरांना शेव हवी होती म्हणून उतरले, तर काउंटरपाशी एक पाठमोरा माणूस दुकानदाराला सांगत होता, "चिवडा कमी तिखटाचा द्या. तिथल्या लोकांना झेपत नाय."

ते 'नाय' ऐकलं आणि माझे पाय तिथेच थांबले. सिन्नरकडे 'नाय' म्हणणारे हजारो असतील. पण शेवटचा 'य' असा लांबवून, समोरच्याची समजूत काढल्यासारखं म्हणणारा एकच आहे, आणि त्याच्याशी माझं लग्न झालंय.

"नवनाथ?"

तो वळला. चेहऱ्यावर आधी हसू आलं. नंतर त्याने ते घाईघाईने आवरलं, पण मी पाहायचं ते पाहिलं होतं.

"अगं... तू इथे कशी?"

बघा, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"मी इथे नोकरी करते. फोनवर सांगितलं होतं तुला. तू कसा?"

"मी... आलो."

"ते दिसतंय. कधी आलास?"

"सोमवारी."

आज शुक्रवार होता. आणि मी, त्याची लग्नाची बायको, देवळाली कॅम्पात आईबाबांकडे बसून रोज फोनमध्ये तिकडचं तापमान बघत होते, कारण ह्याला थंडी सोसत नाही.

"चिवडा सिन्नरला मिळत नाही वाटतं?"

"मिळतो की."

"मग गंगापूर रोड कशाला?"

"तू म्हणाली होतीस, क्लिनिक ह्या रोडवर हाय..." तो पाकिटांकडे बघत म्हणाला. "म्हटलं, एवढा मोठा रोड, थोडीच भेटणार आहेस."

"म्हणजे भेटायचं होतं की नव्हतं?"

दुकानदार म्हणाला, "ताई, शेव किती देऊ?" आम्ही दोघं त्याच्याकडे असे बघत राहिलो की त्याने विचारणंच सोडून दिलं.

आता मधली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही नवनाथला उगाच शिव्या द्याल. त्या द्यायच्याच आहेत, पण जरा दमाने.

आमचं लग्न ठरवून झालेलं. नवनाथ सिन्नरच्या एमआयडीसीत मशीन सेट करायचं काम करायचा. लग्नानंतर चार महिन्यांनी कंपनीने त्याला पोलंडमधल्या कारखान्यात पाठवलं, आणि पाठोपाठ मला. मी बॅगेत गोडा मसाला, कुकर आणि इंग्रजी संभाषणाचं पुस्तक घेऊन गेले. त्या छोट्या गावात इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, त्यामुळे कुकरच तेवढा उपयोगी पडला.

तिथे 'ताक' म्हणजे हो. हे पहिल्याच दिवशी कळलं. जो तो एकमेकांना ताक, ताक म्हणत होता. पण बोलता बोलता मान डोलावून 'नो, नो' म्हणतात, तेसुद्धा होच असतं, हे आम्हाला कोण सांगणार? बाजारात जायला बसमध्ये चढलो. ड्रायव्हरला खुणेने विचारलं, बाजार? तो म्हणाला, नो, नो. आम्ही आभार मानून उतरलो. दुसऱ्या बसलाही नो, नो. तिसऱ्यालाही. चौथी बस गेल्यावर नवनाथ बर्फात उभा राहून गंभीरपणे म्हणाला, "तेजल, ह्या गावातली एकही बस कुठंच जात नाय."

मग चालत गेलो. मी घसरले की तो धरायचा, तो घसरला की मी. इतका वेळ आम्ही एकमेकांचा हात कधीच धरला नव्हता. घरी पोचलो, जिना चढलो, कुलूप काढायची वेळ आली, तरी कोणी सोडेना.

"किल्ली उजव्या खिशात हाय," तो म्हणाला.

"मग काढ."

"उजवा हात तुझ्याकडे हाय."

शेवटी त्याने डाव्या हाताने कुलूप काढलं. त्याला पाच मिनिटं लागली, आणि मला ती पुरली नाहीत.

बाईला तिथे आदराने 'पानी' म्हणतात. तळमजल्यावर पानी हलिना नावाच्या सत्तरीच्या आजी एकट्या राहायच्या. "ताक झालं, पानी झालं, आता ह्यांच्याकडे जेवायला कधी बसायचं?" असं नवनाथ विचारायचा. एकदा त्यांची एक लाकडी खुर्ची अंगणात कचऱ्याच्या डब्याजवळ ठेवलेली दिसली. आमच्या घरात खुर्ची एकच होती. मला वाटलं, टाकून दिली असेल. मी खुर्चीला हात लावून खुणेने विचारलं, "नेऊ का?" आजी दोन्ही हात हलवत म्हणाल्या, "ने, ने, ने." एवढ्या अगत्याने आमच्याकडे मामीसुद्धा काही देत नाही. मी खुर्ची उचलली आणि तीन जिने चढून वर आणली. मागून आजी धापा टाकत, "ने, ने" करत येतच होत्या. मला वाटलं, पोचवायला आल्या.

त्यांच्या भाषेत 'ने' म्हणजे नाही. आणि खुर्ची रंगवून वाळत ठेवली होती.

संध्याकाळी सहाला नवनाथ शिफ्टवरून आला, तेव्हा मी आणि आजी समोरासमोर चहा पीत बसलो होतो. माझ्या कुर्त्यावर पाठभर हिरवे पट्टे. कोणालाच कोणाचं काही कळत नव्हतं, तरी आजी दोन तास उठल्या नव्हत्या. जाताना खुर्ची मलाच देऊन गेल्या.

तेव्हापासून आमच्या घरात हो म्हणजे ताक आणि नाही म्हणजे ने. "चहा टाकू?" "ताक." "रागावलीस?" "ने." नाशिकला व्हिडिओ कॉल केला की हे किस्से आम्ही रंगवून रंगवून सांगायचो. आई पोट धरून हसायची. म्हणायची, "तुमची तर बाई मज्जाच आहे."

नव्हती मज्जा. खरं सांगते. डिसेंबरात तिथे पावणेचारला अंधार पडतो. नवनाथ सकाळी पाचला जायचा, तो सहाला यायचा. दिवसभरात माझ्याशी बोलायला पानी हलिना आल्या तर आल्या, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या. मी खिडकीत बसून राहायचे. एकदा तर चुकीच्या नंबरवरून फोन आला, तर मी समोरच्याला मराठीत सगळी हकीकत सांगितली. त्याने बिचाऱ्याने ऐकूनही घेतली. पण नवनाथला मी तो फोन विनोद म्हणून सांगितला, आणि तो हसला.

मग बाबांची बायपास झाली. मी तीन महिन्यांसाठी म्हणून आले, त्याचे आठ महिने झाले. बाबा हिंडूफिरू लागले, मला नोकरी लागली. आणि महिन्यापूर्वी नवनाथचा मेसेज आला, कंपनी तीन वर्षं वाढवून देतेय म्हणून. खाली एक ओळ. आम्ही मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतो, सगळेच करतात. त्याने विचारलं होतं, परत नेऊ का तुला?

मी लिहिलं, ने.

त्याने लिहिलं, ठीक.

मी व्हिसाच्या कागदांची वाट बघू लागले. एक आठवडा गेला, दोन गेले. फोन यायचे, पण कसे? जेवलीस का? जेवले. बाबा? बरे आहेत. ठेवतो. मी मनाशी म्हटलं, ह्याला आता मी नको आहे. आणि मी का विचारू? मीही काही कमी हट्टी नाही.

तर असा तो शुक्रवार. दुकानाशेजारी चहाची गाडी आहे, तिथे दोन स्टुलांवर आम्ही बसलो. मी सरळच विचारलं.

"आलास ते सांगितलं का नाहीस?"

"तूच तर नको म्हणालीस."

"मी? कधी?"

त्याने फोन काढून माझ्यापुढे धरला. "हे काय. ने."

"हो, ने. ने मला."

तो माझ्याकडे बघत राहिला. फोनकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "ने म्हणजे... नाही ना?"

ध चा मा व्हायला मध्ये कोणीतरी कागद खोडणारं लागतं. आमच्यात तेवढंही कोणी नव्हतं. इतके महिने मराठीत राहून मी मराठीत लिहिलं होतं, आणि त्याने आमच्या घरच्या भाषेत वाचलं होतं. त्या घरात तो अजून राहत होता.

मला हसू यायला हवं होतं. पण राग आला.

"एकदा फोन करून विचारता येत नव्हतं?"

"दोनदा आलो होतो. मंगळवारी आणि काल. कॅम्पात, तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत."

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. मग घरात का नाही आलास?"

"आलो असतो तर का नको, ते तू सगळं सांगितलं असतंस."

"मग सांगितलं असतं."

"तेच नको होतं." त्याने ग्लास खाली ठेवला. "तेजल, मी शिफ्टवरून यायचो ना, तेव्हा खालून खिडकी दिसायची. तू बसलेली असायचीस. दिवासुद्धा लावलेला नसायचा. मग मी जिन्यात थांबायचो. काहीतरी गंमत सुचेपर्यंत. सुचली की वर यायचो."

"म्हणजे तुझ्या गमतींतला तो कॅन्टीनवाला... रोज नवं कालवण करून तुलाच आधी चाखायला लावणारा?"

"तसा माणूसच नाय तिथं. मी एकटाच जेवायचो."

मी त्या माणसाला नाशिकहून हळदीचं पाकीट पाठवायला निघाले होते. मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"तू 'ने' लिहिलंस," तो म्हणाला, "तेव्हा वाटलं, सुटली बिचारी. म्हणून ठीक लिहिलं. एकट्याच्या करारावर सही केली. चौघांत एक खोली."

"मी एकच अक्षर लिहिलं," मी म्हणाले, "कारण जास्त लिहायला गेले असते तर त्यात खिडकी आली असती. मला वाटलं, ते वाचून तू नेणार नाहीस."

"एवढं असून यायचं होतं तुला?"

हा प्रश्न मी स्वतःला महिनाभर विचारला होता, त्यामुळे उत्तर तयार होतं.

"तिथे मी एकटी होते. पण तू सहाला यायचास. इथे आई आहे, बाबा आहेत, क्लिनिकमध्ये दिवसभर माणसं असतात. संध्याकाळी कॅम्पाच्या बसची वाट बघत उभी असते, घड्याळात सहा वाजतात... आणि इथे सहाला कोणीच येत नाही. मला तू हवा आहेस, नवनाथ. खिडकीसकट."

त्याने ग्लासातला उरलेला चहा संपवला. मग चहावाल्याला म्हणाला, "अजून दोन द्या," आणि माझा हात धरला. भर गंगापूर रोडवर, भर दुपारी. डॉक्टरांच्या शेवेचं काय झालं ते मला अजून माहीत नाही.

पण हात धरल्याने करार बदलत नाही. बायकोला न्यायचं तर नव्याने अर्ज, वेगळं घर, मग व्हिसा. सगळं नीट झालं तरी सप्टेंबर उजाडणार होता. आणि त्याची सुट्टी संपत आलेली, विमान बुधवारचं. मधले दिवस मी सुट्टी काढून सिन्नरला राहिले. सासूबाई, म्हणजे सगुणाबाई, पहिल्या रात्रीच्या जेवणाला भाकरी वाढताना एवढंच म्हणाल्या, "मी त्याला सांगत हुते, बायकोला फोन लाव म्हणून. पन माझं ऐकतंय कोन?"

बुधवारी दुपारी द्वारका चौकात त्याची मुंबईची बस यायची होती. बॅगेवर बॅग ठेवून आम्ही उभे होतो.

"एक अट आहे," मी म्हणाले. "रोज फोन करायचा. पण गमती सांगायच्या नाहीत. जे झालं असेल तेच सांगायचं."

"आणि काहीच झालं नसेल तर?"

"तर काहीच झालं नाही म्हणून सांगायचं."

"मग तू बोअर होशील."

"होईन. बायको आहे मी, प्रेक्षक नाही."

"आणि तू पण खरंच सांगायचं," तो म्हणाला. "रडू आलं असेल तर रडू. नंतर विनोद करायचा नाय."

मी मान हलवली. बस आली. तो चढला, खिडकीतून काहीतरी म्हणाला, पण हायवेच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. बस दिसेनाशी झाल्यावरही मी उड्डाणपुलाखाली उभी होते. एक रिक्षावाला थांबला, दुसरा थांबला. तिसऱ्यात बसले आणि कॅम्पात पोचेपर्यंत रडले.

गुरुवारी फोन आला नाही, फक्त पोचल्याचा मेसेज. मला वाटलं, झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शुक्रवारी साडेचारला क्लिनिकमध्ये फोन वाजला. तिथले दुपारचे बारा, त्याची जेवायची सुट्टी. समोर गुडघेदुखीचे दोन पेशंट बसले होते.

"काय झालं आज?" मी हळूच विचारलं.

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. जिन्यात थांबल्यावर तो असाच गप्प उभा राहत असेल, असं मला वाटून गेलं. पण ह्यावेळी तो तसाच पुढे बोलला.

"काहीच झालं नाय. कॅन्टीनमध्ये एकटाच बसलोय. डबा उघडला, पण जेवण जात नाय. तुझी लय आठवण येतेय, तेजल. लय एकटं वाटतंय."

मी पेशंटांकडे पाठ केली.

"मलाही," मी म्हणाले. "आत्ता. इथेच."

त्याच्याकडे कुणाचे तरी चमचे वाजत होते, माझ्याकडे पंखा.

"सुट्टी किती आहे अजून?"

"वीस मिनिटं."

"मग ठेवू नकोस," मी म्हणाले.