दोघांपुरती गाडी

अप्पांनी विजेवर चालणारी मोटार नोंदवली, तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला ते खरं वाटलं नाही. बाजार नुकता खुला झाला होता आणि तंजावुरातसुद्धा रोज काहीतरी नवं येत होतं. पण मोटार आणि तिला पेट्रोल नको, हे राजवाड्यामागच्या लोकांना थट्टेसारखं वाटे. कोइमतूरकडच्या एका लहान कारखान्याने ती काढली होती. आसनं दोनच.

अम्माला दमा होता. पेट्रोलचा वास आला की तिचा श्वास अडके, म्हणून बस नाही, टॅक्सी नाही. ओरत्तनाडूला आगगाडी जात नाही. तिथे, मुक्तांबाळ छत्र या जुन्या धर्मशाळेजवळच्या आपल्या माहेरी, ती कित्येक वर्षं गेली नव्हती.

"धूर नाही, आवाज नाही," अप्पा मला फोनवर सांगत. "तुझी अम्मा शेजारी बसेल. तुज यायचं असलं तर बसने ये मागून. गाडी दोघांपुरतीच."

गाडी यायच्या आत अप्पा गेले. ओट्याच्या कडेला, गाडी लावायच्या जागी, त्यांनी बसवून घेतलेला मोठा प्लग तेवढा राहिला.

मी पुण्याला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. उन्हाळ्याच्या सुटीत अम्माला कायमची घेऊन जायचं, असं ठरवून मी आले होते. तिला एकटी ठेवणं मला शक्य नव्हतं. आगगाडीचा प्रवास तिला सोसत असे, तो प्रश्न नव्हता.

"गाडी येऊं दे," ती म्हणाली. "ओरत्तनाडूला नेतों म्हणून त्यांनी सांगिटलंय."

"अम्मा, चालवणार कोण?"

मंद मुलीकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "मज चालवतां येतंय का? मग?"

रोज सकाळी ती दारापुढे शेणाचा सडा घाली. दुखवट्याचं वर्ष, म्हणून कोलमची रांगोळी नाही. सडा वाळू लागला की त्यावर दोन लिंबं ठेवी, पुढची चाकं येतील अशा अंतरावर. नवी गाडी पहिल्यांदा निघताना लिंबं चिरडून निघते, ही आमच्याकडची रीत. पण लिंबं गाडी आल्यावर ठेवतात. न आलेल्या गाडीपुढे कुणी ठेवत नाही. संध्याकाळी ती लिंबं उचलून आणी आणि चित्रान्न, लिंबाचा भात, करी.

"वर्ष पुरं व्हायच्या आत नवी गाडी?" समोरच्या अलमेलु मामींनी एकदा तमिळमध्ये विचारलं. त्या सगळ्यांनाच सगळं विचारत.

"घेतली त्यांनी, मी नव्हे," अम्मा म्हणाली. "लिंबं हवीत का तुला? आंबट तोंडाला बरी."

मामी हसल्या. लिंबांकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

प्लग गरम असतो, हे मला एका दुपारी कळलं. ओट्यावर वाचत बसले होते, सहज हात टेकला आणि मागे घेतला. ती भिंत छपराखालची, तिथे ऊन पोचत नाही. आत तार सैल असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि मुख्य बटण बंद केलं. पंखा थांबला. दाराजवळच्या मीटरमधली चकती फिरत राहिली. सावकाश, सारख्या गतीने, खूप वेळ चालणारं काम असावं तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या गल्लीची वीज गेली. मी मामींच्या घरी जाऊन त्यांचं मीटर पाहिलं. चकती थांबलेली होती. आमची फिरत होती.

"अम्मा, हे बघ."

तिने पाहिलं नाही. ती अप्पांच्या चपला फडक्याने पुसत होती. "वेळ लागतंय त्याला," ती म्हणाली. "पुरं भरायला हवं. अर्ध्या वाटेंत थांबलं तर?"

मी कोपऱ्यावरच्या बूथवरून तिरुच्चीला, गाडीच्या एजंटला फोन लावला. शेषाद्री म्हणून गृहस्थ होते.

"मॅडम, सांगायला लाज वाटते. सांगाडा तयार आहे, मोटर यायची आहे. दिवाळीच्या आत तरी काही खरं नाही."

नोंदणी रद्द करा, असं मला म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होते. अम्माचं फडकं आठवलं आणि मी फोन ठेवला.

दोन दिवसांनी सकाळी सड्यावर चाकांच्या खुणा होत्या. अरुंद, रिक्षाच्या असतात तशा, पण तीन नव्हे, दोनच, समांतर. गल्लीतून येऊन त्या प्लगपाशी थांबल्या होत्या. परत गेलेल्या दिसत नव्हत्या. लिंबं अजून ठेवायची होती.

अम्माने खुणा पाहिल्या. आत जाऊन लिंबं आणली, नेहमीपेक्षा जपून ठेवली. मग न्हाली आणि बाहेर जायचं अंजिरी लुगडं नेसली. तिचा श्वास त्या दिवशी अजिबात वाजत नव्हता. इतक्या वर्षांत प्रथमच घरात तो आवाज नव्हता.

"सुप्रभा, तिकिटं काढून ये," ती म्हणाली.

"पुण्याची? दोघींची?"

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "तुज लागेलच ना, बाळा."

आनंदात मी ते नीट ऐकलं नाही.

स्टेशनवरून परतले तेव्हा ऊन कलत होतं. अलमेलु मामी दारात उभ्या होत्या.

"आली म्हणायची गाडी! सांगितलं नाहीस ते? आत्ता गेली तुझी आई. हात केला मला. इतकासुद्धा आवाज नाही गं त्या गाडीला."

"कोण चालवत होतं?"

मामींचं हसू ओठांवरच राहिलं. "या बाजूला तीच बसली होती," त्या म्हणाल्या. "पलीकडे... मी पाहिलं नाही."

आमचं दार उघडं होतं.

अम्मा ओट्यालगतच्या खोलीत बाकावर बसली होती, टेकून, हात मांडीवर. अंगाला हात लावताच कळलं.

लुगड्याची घडी मोडली नव्हती. पायांच्या तळव्यांना तांबडी माती होती. आमच्या गल्लीत तांबडी माती नाही; ती ओरत्तनाडूकडे.

अप्पांच्या चपला दिसल्या नाहीत.

बाहेर सड्यावर लिंबं चपटी झाली होती. साल होती, रस वाळला होता. बिया नव्हत्या.

प्लग गार होता. मीटरची चकती थांबली होती.

गाडी पोंगलनंतर आली. मी घर आवरायला पुन्हा आले होते. लॉरीतून फळ्यांवरून ती खाली उतरवली. पांढरी, लहान, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. शेषाद्री स्वतः आले होते. फार उशीर झाला म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा माफी मागितली.

"कारखान्यातून थेट आणलीय, मॅडम. रस्त्याला चाक लागलेलं नाही." नव्या टायरवर असतात ते रबराचे कोवळे केस त्यांनी दाखवले. "लिंबं आहेत ना घरात? ठेवा, मी पुढे घेतो."

लिंबं होती. मी पुढच्या डाव्या चाकाशी वाकले. टायरवरचे केस खरंच तसेच होते, एकही झिजलेला नव्हता.

केसांमधल्या खाचेत तांबडी माती बसली होती. मातीत लिंबाच्या बिया होत्या, वाळून पिवळ्या पडलेल्या. एकीला कोंब फुटला होता.

"बसा ना मॅडम," शेषाद्री म्हणाले. "या बाजूची जागा मोकळीच आहे."

मी लिंबं पदरात घेतली आणि ओट्यावर जाऊन उभी राहिले.