नवव्या चौकोनाचा मध्य

सांगतो, पण मध्येच हसायचं नाही.

तेव्हा मी टास्मानियातल्या एका जुन्या धरणावर नव्या इंजिनिअरांना हाताचं काम शिकवायचो. पुस्तकं पाठ करून येतात बिचारी, पण काँक्रीटचा आवाज ओळखता येत नाही. धरणाच्या पोटातून एक अरुंद बोगदा जातो. त्याच्या भिंतीवर खडूनं चौकोन आखायचे आणि प्रत्येकावर हातोडीचे पाच ठोके मारायचे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्यावर एक. खणखणीत वाजलं तर घट्ट, बद्द वाजलं तर आत पोकळ.

हे मला लेस ब्रॉडीनं शिकवलं, त्याच भिंतीवर, एकतीस वर्षांपूर्वी. लेस बोलायचा नाही. आपलं चुकलं की मागे उभा राहून स्वतःच्या हातोडीनं भिंतीवर तीनदा मारायचा. टक, टक, टक. म्हणजे परत ठोक, गाढवा!

त्या सकाळी माझ्याबरोबर टेगन पर्सेल होती. तेवीस वर्षांची, हुशार, पण भारी उतावळी. तिनं तपासणीच्या कागदावर सही केली की दुपारी आठ माणसं आत येणार होती आणि त्याच भिंतीत खिळे रोवून, त्यांवर मचाण टांगून उभी राहणार होती.

आत ओल्या चुन्याचा वास आणि कुठंतरी पाणी ठिबकत असलेलं. आमच्या टोप्यांवरचे दोन दिवे सोडले तर अंधार.

"कोल, वर सॉसेज रोल संपवतील रे ती माणसं," टेगन म्हणाली. "तू इथंच म्हातारा होणार आणि मलाही करणार."

"मी आधीच झालोय. तू ठोक."

नवव्या चौकोनाचे चार कोपरे तिनं भराभर वाजवले. चारही खणखणीत. मध्य सोडला, कागदावर मात्र पाचही खुणा केल्या आणि सहीसाठी पेन काढलं.

मी पाहिलं आणि गप्प बसलो. आज सांगायला लाज वाटते. एकतीस वर्षांपूर्वी लेस दाढ दुखते म्हणून बोगद्याबाहेर गेला होता, तेव्हा नवव्याचा मध्य मीही असाच सोडला होता आणि सही ठोकली होती. आता बद्द वाजलं असतं तर माझ्या सहीचा तो जुना कागद बाहेर निघाला असता. आठ माणसांपेक्षा मला माझं नाव मोठं वाटलं.

टक... टक... टक.

टेगननं पेन खाली घेतलं. "पलीकडे कुणाला उभं केलंयस? परीक्षा घेतोयस होय माझी?"

"पलीकडे कुणी नाही."

"अरे, मग कोण..."

"पलीकडे तीन मीटर काँक्रीट आहे, टेगन. त्यापलीकडे तलाव."

पाणी ठिबकायचंही थांबलं होतं. मग पुन्हा, अगदी सावकाश, भिंतीच्या आतून... टक... टक... टक.

"मध्य ठोक," मी म्हणालो. "राहिलाय. मीही सोडला होता तेव्हा. सही माझीच आहे."

तिनं ठोकलं. बद्द!

दुपारचं काम थांबलं. मी वर जाऊन साहेबांपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी शिव्या घातल्या, त्या मला गोड लागल्या. आठही माणसं त्या संध्याकाळी आपापल्या घरी जेवली.

तिसऱ्या दिवशी तो चौकोन फोडला. आत पोकळी निघाली, माणूस उकिडवा बसेल एवढी. चहूबाजूंनी सलग काँक्रीट, कुठं साधी चीर नाही. आणि तळाशी एक हातोडी. दांड्यावर जाळून उमटवलेली लेसच्या नावाची अक्षरं.

लेस सात वर्षांपूर्वी म्हातारपणानं गेला. त्याच्या शवपेटीत ती हातोडी मी स्वतः, माझ्या हातानं ठेवली होती.

टेगननं ती उचलली आणि चटकन परत ठेवली.

"कोल," ती हळूच म्हणाली, "दांडा कोमट आहे रे..."