स्वामीजी थांबतात ती वेळ

मी सोलापुरात चौतीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर लोकांची चरित्रं लिहायला लागले. कारखानदार, डॉक्टर, एका बँकेचे अध्यक्ष. असा माणूस पंचाहत्तरीला आला की त्याच्या मुलांना पुस्तक काढायची घाई होते आणि कुणीतरी सुचवतं, गोदावरीबाईंना विचारा, त्यांच्या तारखा चुकत नाहीत. खरंच चुकत नाहीत. भाषा माझी कोरडी आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण मंगळवार होता तिथं मी मंगळवारच लिहिते.

निरवानंद स्वामींचं चरित्र असंच माझ्याकडे आलं. कर्नाटकच्या हद्दीवरच्या एका मठाचे स्वामी, पुढे आमदार झाले, दोनदा निवडून आले. नोव्हेंबरात तिसरी निवडणूक होती, त्याच्या आत पुस्तक हवं होतं. होटगी रोडवर त्यांचा बंगला आहे. जुलैत मी आठवड्यातून दोनदा सकाळी तिथं जाऊन बसू लागले. मोबाइलवर आवाज टिपायचा, घरी येऊन कानाला लावून तो लिहून काढायचा, ही माझी पद्धत.

त्यांचे खासगी सचिव संगप्पा, अक्कलकोटकडचे. पहिल्याच दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, एक सांगून ठेवतो. मठाच्या आधीचं काय विचारू नका की. संन्यास घेताना स्वामीजींनी स्वतःचं श्राद्ध स्वतः घातलंय. आधीचा माणूस मेला."

"मेलेल्या माणसाचीसुद्धा जन्मतारीख लागते," मी म्हटलं.

संगप्पांनी कपाळाला हात लावला आणि एक फोटो दिला. मठात आणलं त्या वर्षीचा. सात वर्षांचा पोरगा, डोकं भादरलेलं, अंगावर भगवी छाटी, ओठ घट्ट मिटलेले. बालपण म्हणून माझ्या हातात एवढंच होतं.

स्वामीजींच्या भाषणाची एक गोष्ट जिल्हाभर माहीत आहे. ऐन रंगात आलेलं भाषण ते मध्येच थांबवतात. मान डावीकडे किंचित झुकते, डोळे मिटतात. दहा-बारा सेकंद हजारो लोक श्वास धरून बसतात, मग ते पुढचं वाक्य उचलतात. वर्तमानपत्रांनी त्या थांबण्यावर लेख लिहिलेत. त्यावर एक प्रकरण हवंच, असा संगप्पांचा आग्रह होता.

मग मी इंटरनेटवरची जुनी भाषणं काढून बसले. संध्याकाळच्या एकाही सभेत ते थांबत नव्हते. थांबायचे ते फक्त दुपारच्या सभांत. त्यातल्या काहींमध्ये मंडपातलं घड्याळ दिसत होतं, काही थेट प्रक्षेपणाची होती. मी वहीत वेळा मांडल्या. फेब्रुवारीत बारा चाळीस. सप्टेंबरात बारा एकवीस. नोव्हेंबराच्या सुरुवातीला बारा दहा. दहा वर्षांतली कुठलीही सभा घ्या, त्या तारखेला तीच वेळ.

माझा हात थांबला. या वेळा मला पाठ होत्या. दरवर्षी मी मुलांना शाळेच्या पटांगणात काठी रोवायला लावायची आणि तिची सावली सगळ्यात आखूड कधी होते ते मोजायला लावायची. घड्याळातल्या बाराला ती कधीच होत नाही. सोलापूरची खरी दुपार फेब्रुवारीत बारा चाळीसला होते आणि नोव्हेंबरात बारा दहाला. हातात घड्याळ बांधणारा माणूस ही वेळ पाळूच शकत नाही!

जुलैतल्या माझ्या टिपणांत बारा तेहेतीसला स्वामीजी असेच थांबले होते. समोर मी एकटी, तरी थांबले होते. लिहून काढताना ती जागा मी रिकामी म्हणून पुढे ढकलली होती. आता तो तुकडा लावला. आधी पंख्याची घरघर. मग लांबून, उघड्या माळावरून यावी तशी मेंढ्यांच्या गळ्यातली घुंगरं. आणि एका बाईचा आवाज.

"शिदू, जेवला का रं?"

त्या दिवशी त्या खोलीत मी आणि स्वामीजी, दोघंच होतो. खिडक्या बंद होत्या. मी ते अकरा वेळा ऐकलं, मग उठून पाणी प्यायले. बाकीचे तुकडे लावले. प्रत्येकात तोच प्रश्न, त्याच वेळी.

संगप्पांना ऐकवलं तेव्हा त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा घातला.

"कुणाचा आवाज आहे?"

"केराबाईचा," ते म्हणाले. "आमच्याच गावची. मेंढरं राखती. स्वामीजींची..."

"जिवंत आहेत?"

"हाईत की. पण बाई, ती मठाची पायरीबी चढली नाही कधी. आणि हितनं तिचं गाव साठ किलोमीटर."

गावाचं नाव मी लिहीत नाही, तसा शब्द दिला आहे. अक्कलकोटच्या पुढं जीप बदलून गेले. सप्टेंबरातला निम्मा माळ हिरवा, निम्मा खडकाळ. केराबाई सत्तरीच्या पुढच्या, काटक. शेजारच्या बनाबाईंनी मला त्यांच्यापाशी नेलं. केराबाईंनी काठी जमिनीत रोवली होती आणि तिच्या सावलीकडे बघत उभ्या होत्या. मी घड्याळात पाहिलं. बारा वीस.

सावली आखूड झाली. केराबाई सोलापूरच्या बाजूला तोंड करून, शेजारच्या माणसाशी बोलावं तितक्याच आवाजात म्हणाल्या, "शिदू, जेवला का रं?" थोडं थांबल्या. मग खाली बसून स्वतःची भाकरी सोडली.



"रोज विचारता?"

"पंचेचाळीस वर्सं झाली." त्यांनी मला चतकोर मोडून दिली. "त्याच्या बापाचा नवस व्हता. पयलं पोरगं जगलं तर मठाला देईन म्हून. मी मेंढरामागं रानात, आन् हिकडं मठातली मानसं आली. जेवायच्या वक्ताला नेलं बगा. त्याची भाकरी फडक्यात बांदल्याली तशीच राह्यली. पुडचं दोन दात पडलं व्हतं त्याचं, ते पोर चावायचं बाजूबाजूनं, येळ लागायचा. म्हून आदी त्यालाच घालत हुते. त्या दिशी न्हाय जमलं."

झोपडीत खुंटीवर ते फडकं होतं. निळ्या काठाचं, धुऊन धुऊन विरलेलं, रिकामं.

"तुमी तितं जाता न्हवं?" त्यांनी माझा हात धरला. "मला दुसरं काय नगं. भेट बी नगं. त्येवडं इचारा की, त्या दिशी कुनी त्याला जेवू घातलं का. व्हय म्हनला तरी लई झालं."

मी हो म्हटलं. परत येताना जीपमध्ये मला रडू आवरेना. माझी आई गेली तेव्हा मी दहावीच्या उत्तरपत्रिका तपासत होते. संध्याकाळी येते म्हणून निरोप पाठवला होता. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

स्वामीजींसमोर बसले आणि सरळ विचारलं. "केराबाई विचारतात, त्या दिवशी तुम्ही जेवला होता का?"

 ते हळूच म्हणाले, "तुम्हालाही ऐकू आलं?"

"आलं."

"मला वाटायचं, मलाच येतं." त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला. "बाई, त्या नावाला मी ओ दिली तर मी स्वामी उरत नाही. गुरूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मागून हाक येईल, वळायचं नाही."

"वळू नका हो. मला सांगा, मी जाऊन सांगते. हो की नाही, एवढाच तर शब्द आहे!"

"निवडणूक होऊ दे," ते म्हणाले. "मग सांगतो."

काय म्हणावं या माणसाला! सभेत तासतासभर बोलणारा माणूस, आणि आईपुरता एक शब्द निघेना. मी तिथून तणतणत उठले. पण दुसऱ्या दिवशी मीही प्रुफं तपासायला बसले. केराबाईंना खोटं 'हो' सांगून यावं असं चारदा मनात आलं, ते केलं नाही. करायला हवं होतं.

दोन नोव्हेंबरला संगप्पांचा फोन आला. "केराबाई गेल्या. दुपारी, रानातच. काठी रोवलेलीच व्हती." स्वामीजींना सांगायचं नाही असं कार्यालयात ठरलं. प्रचार ऐन भरात होता.

दुसऱ्या दिवशी मोहोळला सभा होती. मी पहिल्या रांगेत मोबाइल चालू ठेवून बसले. का गेले कुणास ठाऊक. बारा दहाला स्वामीजी थांबले. मान डावीकडे झुकली. डोळे मिटले.

दहा सेकंद गेले. वीस.

लोक वाट बघत होते. एक मिनिट झालं. संगप्पा व्यासपीठाच्या कडेला उभे होते, त्यांनी तोंडावर उपरणं धरलं.

स्वामीजींनी डोळे उघडले. ते घाबरले होते. बाजारात आईचा पदर सुटलेलं मूल इकडंतिकडं बघतं, तसे ते बघत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या क्षणी त्यांना कळलं. माइकच्या अगदी जवळ येऊन, ज्या भाषेत त्यांना कुणी कधी बोलताना ऐकलं नव्हतं त्या भाषेत, ते म्हणाले,

"न्हाय, आये. जेवलो न्हवतो."

मंडपात शांतता. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा मंडप टाळ्यांनी भरून गेला.

घरी आल्यावर मी ते टिपण लावलं. बारा दहाला काही नव्हतं. घुंगरं नव्हती, माळावरचा वारा नव्हता. मग त्यांचं वाक्य. आणि टाळ्या सुरू होण्याआधी, अगदी जवळून, माझ्याच खुर्चीमागून यावा तसा तो आवाज.

"थांब रं. आन्ते."

दहाव्याला मी त्या गावी गेले. मी केराबाईंची कुणीच नव्हते, तरी जावंसं वाटलं. निघताना बनाबाईंनी खुंटीवरचं फडकं माझ्या हातात दिलं. त्याला गाठ मारलेली होती.

"हे कुणी बांधलं?"

"आमी न्हाय बा," त्या म्हणाल्या. हात पुसून दोन पावलं मागं सरकल्या. "काल झाडायला गेले तवा असंच दिसलं. तुमीच न्या."

अख्खा रस्ता ते पिशवीत, माझ्या मांडीवर होतं. अक्कलकोटला एसटी बदलताना मी पिशवीत हात घातला आणि पटकन बाहेर काढला. फडकं गरम होतं.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला बंगल्यावर गेले. तेव्हाही ते गरमच होतं. स्वामीजींनी फडकं दोन्ही हातांनी घेतलं, आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं. बाहेर गाड्या तयार होत्या, फोन वाजत होते. संगप्पा आणि मी बाकावर बसून राहिलो. अर्ध्या तासानं दार उघडलं. स्वामीजींचे डोळे सुजले होते. त्यांनी फडकं परत बांधून माझ्या हातात दिलं.

"अर्धी तुम्हाला, बाई," ते म्हणाले. "लांबून आणलीत."

स्वामीजी निवडून आले. पुस्तक निघालं, छपाई चांगली आहे, त्यात केराबाईंचं नाव नाही. माझ्या तारखा बरोबर आहेत. दुपारच्या सभांत ते आता थांबत नाहीत. लोक म्हणतात, पूर्वीची गंमत गेली.

स्वामीजींनी परत दिलेलं फडकं मी त्याच दुपारी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर सोडलं. ज्वारीची भाकरी, मऊ, अर्धी. स्वामीजींचे दात मोत्यासारखे पांढरे, सगळे जागच्या जागी आहेत. मी जन्मभर शाळेतल्या लहान पोरांच्या डब्यांवर नजर ठेवलेली बाई आहे. भाकरी बाजूबाजूनं चावलेली होती. लहान घास होते. आणि एकदाच समोरून चावायला गेल्याची खूण होती. त्या खुणेच्या मधोमध दोन दातांएवढी भाकरी तशीच राहिली होती.