पुढची ओळ येईस्तोवर

वर्षाली मॅडम गणिताच्या. आता गणिताच्या बाईकडे लेखनाचं शिबिर कसं आलं? मराठीच्या सरांची ऐन उन्हाळ्यात अमरावतीला बदली झाली, हेडमास्तरांनी स्टाफरूमभर नजर फिरवली आणि नेमका तेव्हाच बाकी सगळ्यांना खोकला आला. मॅडमना आला नाही. म्हणून ‘लोककलेतून लेखन’ हे शिबिर त्यांच्या गळ्यात पडलं.

तिवस्याचं मे महिन्यातलं ऊन, पत्र्याचा हॉल, दाराशी माठ आणि कोपऱ्यात एक कूलर. हा कूलर वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करायचा. “शिबिराले नाव देनारा गेला निंगून, निस्तरत बसलो आमी,” असं मॅडम पहिल्या दिवशी माठाशी उभ्या राहून मोठ्यानं बोलल्या. पण बाई हाडाची शिक्षिका. गळ्यात पडलंच आहे तर नीट करायचं, या हिशेबानं त्यांनी खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्याचे जुने शाहीर केशवराव यांना बोलावून घेतलं. केशवराव सकाळी बाजारात आपल्या मळ्यातली वांगी विकायचे आणि मग धोतर झटकून, डफ घेऊन शाळेत यायचे.

“हे पाहा पोरंहो,” त्यांनी पोरांना सांगितलं, “शाहीर ओळ म्हन्ते. झीलकरी त्याच्या मागं, डाव्या हाताले उभा असते. तो ओळीतला शेवटचा शब्द धरते आन् लांबोते. आता शाहीर पुढचं इसरला, तं? तं झीलकऱ्यानं शब्द सोडाचा नाई. पुढची ओळ येईस्तोवर धरून ठेवाचा. पब्लिकले वाटलं पायजे का हे असंच होतं.”

मॅडमना हे भलतंच पटलं. हा तर हातचा धरून ठेवण्याचाच प्रकार! त्यांनी लगेच त्याचा खेळ केला. एकानं स्वतः लिहिलेली ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून झील धरायची. पोरं खूश झाली. लिहायला कुरकुरणारे ओरडायच्या लालचेनं लिहू लागले.

एकटी नीलम तेवढी गप्प होती.

नीलम आठवीतली. तिचा शब्द तोंडाशी येऊन अडायचा. मग ती डोळे मिटून, मान ताठ करून त्याच्याशी झटापट करायची आणि मागच्या बाकावरची टारगट पोरं फिदीफिदी हसायची. तिचे आजोबा देवमन, तिचे आबाजी, म्हणजे केशवरावांचे जन्माचे झीलकरी. घरात नात अडली की ते तिचा अडलेला शब्द धरून लांबवायचे, आणि पोरगी हसत हसत पुढचा शब्द काढायची. हिवाळ्यात देवमन गेले. तेव्हापासून नीलम मानेनंच हो आणि नाही म्हणायची. तिची आई पंचफुला अंगणवाडीत मदतनीस होती. शिबिरात पोरीचं नाव घालताना ती मॅडमना म्हणाली, “मॅडम, शेवटच्या दिवशी हिनं चार लोकांसमोर तोंड उघडलं ना, तं मले बाकी काई नको.”

मॅडमनी ते मनावर घेतलं. त्यांना मुलं फार आवडायची. हे त्या कुणाला कळू देत नव्हत्या, एवढंच. नीलमला त्यांनी शेजारी बसवलं, आपल्या डब्यातली बोरकूट-साखर दिली आणि म्हटलं, “बोलू नको. लिही मात्र.”

नीलमनं लिहिलं.

खेळ रंगात आला तेव्हा मॅडमच्या एक गोष्ट लक्षात आली. पोरांची झील थांबली तरी हॉलमध्ये शब्द थोडा उरायचा. खालच्या पट्टीतला, भरड्या गळ्याचा, अगदी थोडा वेळ. त्यांनी कूलरला एक चापट मारली. पत्र्याचा हॉल, त्यात हा खटारा, घुमणारच. विषय संपला.

मग एका दुपारी नीलम आपण होऊन उभी राहिली. मॅडमनी चेहरा गणिताचाच ठेवला.

“आबाजीची सायकल दारात उभी,” नीलम कागद न बघता म्हणाली. पोरांनी “उभीऽऽ” धरलं. “घंटीवर चिमनी येऊन बस... बस... बस...”

तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. पोरं झील धरायची विसरून कूलरकडे बघू लागली. हॉल असा शांत झाला की माठाखाली ठिबकणारं पाणी ऐकू यावं.

आणि त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, “बसऽऽऽ”

भरडा आवाज. खालची पट्टी. नीलमच्या मागून, डाव्या अंगानं.

“...ली,” नीलम म्हणाली आणि हसली. आवाज थांबला.

पोरं केशवरावांकडे वळली. ‘वा आजोबा!’ वगैरे झालं. पण मॅडम आधीपासूनच त्यांच्याकडे बघत होत्या. केशवराव माठाशी उभे होते, पाण्याचा गिलास तोंडाला लावून. गिलास तसाच राहिला आणि पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत गेलं.

शिबिर सुटल्यावर मॅडम त्यांना म्हणाल्या, “पत्रा गरम झाला का असा आवाज करते, केशवराव. प्रसरण पावते तो.”

“हाव ना,” केशवराव म्हणाले. डफ त्यांनी पोटाशी धरला होता. “पत्राच असन. देवमन असाच धराचा, मॅडम. पन त्याले दमा होता. मधात दम घेतल्याबिगर त्याले जमेच ना. आमी हासो त्याले.”

दुसऱ्या दिवसापासून ते नीलमच्या डावीकडे उभे राहीनात. फिरून पलीकडून जायचे.

नीलमचं गाणं मात्र वाढत गेलं. चार ओळींचं झालं.

आबाजीची सायकल दारात उभी,
घंटीवर चिमनी येऊन बसली.
चिमनी इचारते, धनी कुठं गेला?
मी म्हटलं, हा काय, माह्या मागं उभा.

मॅडमनी वाचलं आणि चष्मा पुसला. मग म्हणाल्या, “लय सुंदर आहे बाई. पन हे संपलं नाई. उत्तर आल्याशिवाय गणित सोडाचं नसते. एक ओळ अजून लिही.” आपल्या मनाशी त्यांनी ठरवलं होतं, पोरीचं दुःख एकदा कागदावर पूर्ण उतरू दे, म्हणजे ती मोकळी होईल.

नीलमनं मान हलवली. नाही.

“लिही बेटा. माह्यासाठी.”

दिवसभर ती बसून राहिली. संध्याकाळी तिनं कागद मॅडमच्या हातात दिला आणि मागं न बघता गेली. खाली एकच ओळ वाढली होती.

‘आता जा आबाजी, पुढचं मी बोलतो.’

वर्षाली मॅडम एकट्याच हॉलमध्ये बसून रडल्या. मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून दाराबाहेर डोकावून आल्या.

समारोपाला पालक जमले. हॉल गच्च भरला. पंचफुला पुढच्याच सतरंजीवर बसली होती, ठेवणीतली निळी साडी नेसून, हातातला रुमाल पिळत. केशवराव दाराशी उभे होते, भिंतीला पाठ लावून.

नीलम पुढं आली. पहिली ओळ नीट गेली. दुसरीही. तिसरीत ती अडली.

“चिमनी इचारते, ध... ध...”

मागच्या बाकावरून कुणीतरी खुसकन हसलं. पंचफुलाच्या हातातला रुमाल थांबला.

“धऽऽऽ”

झील आली. गोड, भरडी, धीराची. नीलमनं पाऊल सावरलं. “...नी कुठं गेला?” ती खणखणीत म्हणाली.

लोकांना वाटलं पोरांनी धरली. पोरांना वाटलं केशवरावांनी.

मॅडम पंचफुलाकडे बघत होत्या. आवाज आला त्याच क्षणी पंचफुलानं झटकन पदर डोक्यावर ओढला होता आणि मान खाली घातली होती. सासरे घरात आले की सुनेनं घ्यावा, तसा.

आपण हे केलं, याचा तिला पत्ताही नव्हता. तिचे डोळे पोरीवर होते आणि ते भरून वाहत होते.

“मी म्हटलं, हा काय,” नीलम म्हणाली, “माह्या मागं उभा.”

“उभाऽऽऽ”

मॅडमचे ओठ आपोआप हलले. आता जा आबाजी.

नीलमनं हात जोडले आणि ती खाली बसली.

टाळ्या अशा पडल्या की पत्रा हादरला. पंचफुलानं पोरीला छातीशी धरलं. हेडमास्तरांनी बरंच भाषण केलं. चिवडा वाटला गेला, लोक पांगले, कूलर बंद झाला.

नीलम बाहेर देवमनची उंच सायकल काढत होती. मॅडम तिच्याजवळ गेल्या.

“शेवटची ओळ इसरली का वो?”

“नाई.”

“मंग म्हटली काहून नाई?”

नीलमनं वर पाहिलं. तोंडभर हसली. एकाही शब्दाला न अडता म्हणाली, “म्हटली तं ते जातीन ना, मॅडम.”

आणि ती सायकलवर बसली.

दारात केशवरावांनी डोक्यावरची टोपी काढली. हॉल रिकामा होता, गप्प होता.

आवाज रस्त्यावर होता. सायकलच्या डाव्या अंगानं, तिच्याच वेगानं तो लांब जात होता. उभाऽऽऽ.

गणिताच्या बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. एस.टी. स्टँडच्या वळणावर सायकल दिसेनाशी झाली तरी त्या कान लावून ऐकत होत्या, आवाज दम घ्यायला कुठं थांबतो ते.

तो थांबला नाही.