चंद्रावर हरवलेली अष्टमी

लोणारच्या चांद्रशेती केंद्रात त्या दुपारी पेढ्यांचा बॉक्स फुटला. खरं तर पेढे उद्यासाठी आणले होते, पण वाट बघण्याच्या बाबतीत शास्त्रज्ञ मंडळी लहान मुलांनाही मागे टाकतात.

उद्या ‘वावर’ जागं होणार होतं. ‘वावर’ हे या केंद्राचं चंद्रावर उतरलेलं यान. त्याच्या पोटातल्या अंकुरपेटीत ज्वारीची बोटभर उंचीची रोपं होती. चंद्रावर उगवलेलं हे पहिलंच पीक. केंद्राच्या प्रमुख डॉ. कुमुद वानखडे यांनी उमेदीची सगळी वर्षं त्यासाठी घातली होती. आता त्या निवृत्त होणार होत्या आणि दुसरं यान काही मिळणार नव्हतं.

चंद्रावरची रात्र आपल्या पंधरवड्याएवढी लांबते. तेवढा काळ यानाचा संगणक झोपवलेला होता. बॅटरी फक्त पेटीला ऊब देत होती आणि एक चिमुकलं घड्याळ चालवत होती. त्या घड्याळाला ‘वेळापालक’ जोडलेला होता. ठरल्या वेळी ठरलेली फाईल आपोआप उघडायची, एवढंच त्याचं काम. जागृती-फाईल उघडली की सौरपत्रे पसरणार, पेटीची झडप सरकणार आणि रेडिओ ऐकू लागणार. तोवर पृथ्वीवरून कितीही हाका मारा, यान ठार बहिरं.

“पण तारखेच्या जागी तिथी काऊन टाकली?” संपर्क विभागात नव्यानेच रुजू झालेल्या हमीदा शेखने विचारलं.

वेळापालकाचा प्रोग्राम निरंजन तायडेने लिहिला होता. असा प्रश्न कुणी विचारावा, याची तो जणू वाटच बघत होता.

“तारीख पृथ्वीच्या सोयीची, हमीदा. तिथी चंद्राची! सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी सरते. वावर जिथे उतरलंय, तिथे सूर्य उगवतो तो शुद्ध अष्टमीतच. दर महिन्याला. मग घड्याळाला आणखी काय सांगायचं?”

“आणि ते तिथी पाहते कधी?”

“रोज एकदाच. सारखं बघत बसलं तर बॅटरी संपेल. लोणारच्या सूर्योदयाला क्षणभर जागं होतं, तिथी काढतं, त्या तिथीला फाईल लावलेली असेल तर उघडतं, नाहीतर पुन्हा झोपतं. आपल्या पंचांगाचीही तीच रीत. सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची.”

हमीदा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी होती. तिने एका चौकटीवर बोट ठेवलं, मग शेजारच्या.

“आज सप्तमी लिहेल आहे. उद्या थेट नवमी. छापणाऱ्यानं घोळ केला का जी?”

निरंजनच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. तो धावत कॅलेंडरपाशी आला. मग खुर्चीवर बसून त्याने भराभर गणित मांडलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“घोळ मी केलाय,” तो म्हणाला. “अष्टमीचा क्षय आहे. आज सूर्योदयानंतर ती लागली आणि उद्याच्या सूर्योदयाआधी संपतेय. दोन सूर्योदयांच्या मधल्या मध्ये गेली. वेळापालकाला सकाळी सप्तमी दिसली, उद्या नवमी दिसेल. अष्टमी त्याला दिसणारच नाही! फाईल उघडणारच नाही!”

“मग चाचण्या घेतल्या त्या?”

“ज्या महिन्यांच्या घेतल्या, त्यांत अष्टमीचा क्षय नव्हता गं.”

कुमुदताई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, ते दोघांनाही कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चष्मा काढला. पेटीची ऊब उद्या दुपारपर्यंतच पुरेल, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. बाहेर ऊन पडलेलं असताना बंद झडपेआड ती रोपं गारठून मरणार होती. निरंजनला रडू आवरेना, आणि त्याने ते आवरायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

“निरंजन, उद्या नवमीला घड्याळ क्षणभर जागं होईल ना?” कुमुदताईंनी विचारलं.

“होईल, मॅडम. पण नवमीला फाईलच नाही. यानावर कामाशिवाय एकही फाईल न्यायची नाही, हा तुमचाच नियम. माझ्या लग्नाचा एक फोटो पाठवू म्हटलं तर आठवडाभर बोलणी खाल्ली मी.”

कुमुदताई खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

“आहे,” त्या हळूच म्हणाल्या.

“काय आहे?”

“नवमीची फाईल. वैशाख शुद्ध नवमी. माझ्या नातीचा, शाल्वीचा वाढदिवस. आमच्या घरी वाढदिवस तिथीनेच करतात. एक गाणं ठेवलंय मी. छोटंसंच आहे!”

निरंजन त्यांच्याकडे बघतच राहिला. मग एकदम ओरडला, “गाणं ऐकू जायला प्रक्षेपक सुरू व्हावा लागेल!”

“अन् प्रक्षेपक सुरू झाला की रिसीव्हरबी सुरू होते!” हमीदाने टेबलावर थाप मारली. “म्हंजे गाणं चालू आहे तवर यान ऐकते! आपण आज्ञा सोडायची, जागृती-फाईल उघड म्हणून!” आणि दुसऱ्याच क्षणी ती खाली बसली. “पण उद्या इथं सूर्य उगवते तवा चंद्र तर जमिनीखाली राहीन. आपल्या अँटेनाला तो दिसणारच नाही.”

“इथे दिसणार नाही,” कुमुदताई म्हणाल्या. आता त्यांचेही डोळे चमकत होते. “पण तेव्हा चिलीत संध्याकाळ असते आणि चंद्र वर असतो. माझी लेक उर्मिला तिथल्या रेडिओ केंद्रात काम करते. शाल्वी तिथेच आहे. नाहीतर गाणं ठेवलं असतं कशाला? लाव तिला फोन!”

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून कुणी खुर्चीवर टेकलं नाही. उर्मिलाने चिलीतल्या केंद्राची मोठी अँटेना मागून घेतली होती. तिकडचा आवाज लोणारच्या स्पीकरवर येत होता. सरोवराच्या काठावर पहिलं ऊन चढलं आणि खरखरीतून एक आवाज उमटला. सुरात मुळीच नसलेला, पण अतिशय आनंदी.

“शाल्वी शाल्वी, वर बघ, आजी तुझी चंद्रावर...”

“आई, तूच गायलीस?” उर्मिला हसू दाबत म्हणाली.

“आज्ञा सोड आधी!”

आज्ञा गेली. जायला-यायला अडीच सेकंद. गाणं चालूच होतं. दुसऱ्यांदा गेली. शेवटचं कडवं सुरू झालं. हमीदाने डोळे मिटले, तिचे ओठ हलत होते. तिसऱ्यांदा आज्ञा गेली आणि गाणं एका शब्दाच्या मध्येच तुटलं.

हमीदाने डोळे उघडले.

“गाणं थांबलं,” निरंजन पुटपुटला. मग त्याचा आवाज चढला. “थांबलं कारण रेडिओ दुसऱ्या फाईलने घेतला! जागृती-फाईल उघडली! वावर उठलं!”

पडद्यावर आकडे धावू लागले. सौरपत्रे पसरले. झडप सरकली. बऱ्याच वेळाने पहिलं छायाचित्र ओळीओळीने उतरलं. कोवळ्या उन्हात ज्वारीची रोपं उभी होती. एक जरा वाकलं होतं, बाकीची ताठ होती. कुमुदताईंनी पदराने डोळे पुसले आणि हमीदाला घट्ट मिठी मारली. स्पीकरवरून एक चिमुकला आवाज तक्रार करत होता, “आजी, माझं गाणं अर्धंच झालं!”

दुपारी निरंजन नवा प्रोग्राम घेऊन आला. त्याने कान पकडलेच होते.

“मॅडम, दोन्ही चुका काढल्या. तिथीचा क्षय असेल तर तिची फाईल आदल्या दिवशीच उघडेल. आणि तिथीची वृद्धी असेल, म्हणजे एकच तिथी दोन सूर्योदयांना आली, तरी फाईल एकदाच उघडेल. जुना प्रोग्राम ती दोन्ही दिवशी उघडतो.”

कुमुदताईंनी कागद हातात घेतला, पण सही केली नाही. त्यांनी कपाटातून पुढच्या वर्षीचं पंचांग काढलं आणि वैशाखाचं पान उघडून त्यावर नजर फिरवली.

“पहिली सुधारणा आजच पाठव,” त्या म्हणाल्या. “दुसरी राहू दे. पुढच्या वर्षी नवमीची वृद्धी आहे.”